मोठे मूल घरी येताना

शिळफाट्यावरील माझ्या दवाखान्यात परवा सत्तरीचे एक आजोबा रक्तदाब तपासून घेण्यास आले. दंडाचा पट्टा सोडताना हळूच म्हणाले, "डॉक्टर, मुलगा-सून नऊ वर्षांची अनाथ मुलगी सांभाळायला आणणार आहेत. तिला मागचं सगळं आठवत असणार. ती आपली होईल का हो?"

वाचकहो, या प्रश्नाचे एक उत्तर आपल्या कोल्हापुरात आहे. दुसऱ्या महायुद्धात सोव्हिएत सत्तेने हद्दपार केलेल्या पोलिश कुटुंबांतील अनेक मुले पोरकी झाली. १९४२ मध्ये नवानगरच्या जामसाहेबांनी बालाचडीत अशा मुलांना आसरा दिला. कोल्हापूरजवळच्या वळिवडे छावणीत १९४३ ते १९४८ या काळात सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहिले. बालाचडीची अनेक मुलेही पुढे तेथे आली. त्यांची नावे, भाषा, शाळा, सण, प्रार्थना कोणी हिरावून घेतल्या नाहीत. पुढे उतारवयात त्यांपैकी काही जण आपुलकीने कोल्हापूरला परतून भेट देऊन गेले. भूतकाळ जपूनही माया जडते, ती अशी.

आज आपल्याकडे फॉस्टर केअरची कायदेशीर वाट आहे. २०२४ च्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांनुसार सहा वर्षांवरील मूल निवडलेल्या कुटुंबात राहू शकते आणि दोन वर्षांनंतर तेच कुटुंब त्याला दत्तक घेण्यासाठी अर्ज करू शकते. चौकशी जिल्हा बाल संरक्षण कक्षात करावी. मूल सोपविण्याचा निर्णय बालकल्याण समिती घेते.

घरातील वडीलधाऱ्यांनी काही गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. असे मूल उशीखाली पोळी लपवील, रात्री दचकून उठेल, कदाचित अंथरूण ओले करील. ही खोड नव्हे, भीती आहे, रागावू नये. जेवणाची वेळ ठरलेली असावी आणि खाऊचा डबा त्याच्या हाताशी. नाव बदलू नये, आई-वडिलांविषयी खोदून विचारू नये. ते बोलू लागले तर मात्र ऐकावे. पहिल्या पंधरवड्यात हिमोग्लोबिन, दात, दृष्टी, श्रवण तपासून घ्यावे आणि राहिलेल्या लसी द्याव्यात. भीती महिनोन्महिने ओसरली नाही, तर बालमानसतज्ज्ञांची मदत घ्यावी. आणि हो, या धावपळीत स्वतःच्या गोळ्या विसरू नयेत.

आजोबांची गोळी मी तीच ठेवली. म्हटले, "ती तुमची होण्याची घाई करू नका. आधी तिला या घरात निर्धास्त झोप लागू द्या."