‘एक्स्पंज’ : केवळ पुसणे नव्हे

इंग्रजी-मराठी शब्दकोशात ‘एक्स्पंज’ या क्रियापदापुढे पुसून टाकणे, खोडणे, काढून टाकणे असे अर्थ दिलेले आढळतात. ते चुकीचे नाहीत, परंतु अपुरे आहेत. विधिमंडळ, न्यायालय व शासकीय कार्यालय यांच्या व्यवहारात हा शब्द वारंवार येतो. म्हणून त्याचा नेमका आशय ध्यानी घेणे उपयुक्त ठरेल.

शब्दाचे मूळ

हे क्रियापद ‘एक्स्पुंगेरे’ या लॅटिन शब्दापासून आले आहे. त्यातील ‘पुंगेरे’ म्हणजे टोचणे. आपल्या नित्य परिचयाचा ‘पंक्चर’ हा शब्दही त्याच धातूपासून झालेला आहे. मध्ययुगीन युरोपातील लेखनिक हस्तलिखितातील वगळावयाच्या अक्षरांखाली ठिपके देत असत. ती अक्षरे जागच्या जागी राहत, मात्र ती वाचावयाची नाहीत हे वाचकास कळे. याउलट ‘इरेज’ या क्रियापदाचा मूळ अर्थ खरवडून काढणे असा आहे. खरवडल्यावर पूर्वी तेथे काय होते, हे सहसा कळत नाही. ‘स्पंज’ या शब्दाशी असलेल्या ध्वनिसाम्यामुळे ‘एक्स्पंज’लाही पुसण्याची छटा चिकटली असावी, असे मानले जाते.

सभागृहातील प्रयोग

लोकसभेच्या कार्यपद्धती नियमांतील नियम 380 अन्वये मानहानिकारक, असभ्य, असंसदीय किंवा सभागृहाच्या प्रतिष्ठेस न शोभणारे शब्द कामकाजातून काढून टाकण्याचा आदेश अध्यक्ष देऊ शकतात. नियम 381 प्रमाणे अशा जागी तारकाचिन्हे घालून, अध्यक्षांच्या आदेशानुसार मजकूर काढून टाकल्याची तळटीप दिली जाते. म्हणजे शब्द जातात, परंतु ते काढल्याची नोंद राहते. कामकाजाच्या थेट प्रक्षेपणामुळे असे शब्द आज अनेकांच्या कानी आधीच पडलेले असतात. तरीही अधिकृत वृत्तांतात त्यांना स्थान उरत नाही.

या आदेशाचा कायदेशीर परिणाम काय, हा प्रश्न बिहारमध्ये उपस्थित झाला होता. 1957 साली तेथील विधानसभेच्या कामकाजातून काढलेला भाषणाचा भाग पाटण्याच्या ‘सर्चलाइट’ या दैनिकाने छापला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. काढलेला भाग कायद्याच्या दृष्टीने जणू उच्चारलाच गेला नव्हता, अशी भूमिका न्यायालयाने डिसेंबर 1958 मधील निर्णयात घेतली.

अमेरिकेच्या सिनेटमधील उदाहरणही बोलके आहे. 1834 साली सिनेटने अध्यक्ष अँड्रयू जॅक्सन यांच्या निषेधाचा ठराव संमत केला. पुढे सभागृहातील बहुमत बदलले आणि 16 जानेवारी 1837 रोजी तो ठराव नोंदवहीतून काढण्याचा निर्णय झाला. परंतु नोंदवही जतन करणे हे सभागृहाचे घटनात्मक कर्तव्य होते. म्हणून पान फाडले गेले नाही. त्या नोंदीभोवती काळ्या रेघा ओढून, सिनेटच्या आदेशाने ती काढल्याचे दिनांकासह त्यावर लिहिण्यात आले.

न्यायनिर्णयातील ताशेरे

निकालपत्रात एखाद्या अधिकाऱ्यावर ओढलेले ताशेरे वरिष्ठ न्यायालयाने काढून टाकले, तर तेथेही हेच क्रियापद वापरतात. सर्वोच्च न्यायालयाने मोहम्मद नईम प्रकरणात अशा ताशेऱ्यांसाठी कसोट्या घालून दिल्या. संबंधितास आपली बाजू मांडण्याची संधी होती काय, ताशेऱ्यांना पुराव्याचा आधार आहे काय आणि प्रकरणाच्या निर्णयासाठी ते आवश्यक होते काय, हे पाहावे लागते. माणसाच्या लौकिकाचे रक्षण हे या क्रियेमागील प्रयोजन येथे स्पष्ट दिसते.

आपल्या दप्तरात

या विवेचनावरून तीन गोष्टी दिसून येतात. ‘एक्स्पंज’ करणारा अधिकारी सक्षम असतो, त्यामागे कारण असते आणि ती कृती झाल्याची खूण मागे राहते. लेखनिकाच्या हातून झालेली चूक दुरुस्त करण्यास हा शब्द योजू नये. तेथे ‘दुरुस्ती’ हाच शब्द योग्य होय.

ही दृष्टी आपल्या दप्तरालाही अपरिचित नाही. हस्तलिखित सातबाऱ्यावर फेरफार मंजूर झाल्यावर जुन्या खातेदाराचे नाव खरवडले जात नसे. त्यास कंस करून फेरफार क्रमांक लिहिला जाई. त्यामुळे पिढ्यांनंतरही हक्काचा माग काढता येतो.

ग्रामपंचायतीचे कार्यवृत्त किंवा शाळेचे जनरल रजिस्टर हाताळतानाही हेच तत्त्व पाळणे हितावह आहे. लिहिताना चूक झाल्यास पांढरा रंग लावू नये अथवा पान फाडू नये. मूळ अक्षरे वाचता येतील अशी एकच रेघ ओढून दिनांकासह स्वाक्षरी करावी. संमत झालेला ठराव किंवा शाळेतील जन्मतारखेची नोंद बदलावयाची असल्यास सक्षम निर्णयाचा क्रमांक नमूद करावा. वारसाचा हक्क किंवा विद्यार्थ्याचे वय यांचा वाद उद्भवतो, तेव्हा कोरी केलेली जागा संशय वाढविते. रीतसर खोडलेली नोंद मात्र साक्ष देते.