पुढच्या चाकांची भूमिती

वर्धा जिल्ह्यात गाडीची परीक्षा दोनदा होते. येळाकेळीला समृद्धी महामार्गावर चढलं की ताशी १२० किलोमीटरची मुभा, म्हणजे सेकंदाला ३३ मीटर. उतरून गावाकडे वळलं की काळ्या मातीवरचा रस्ता. ही माती पावसात फुगते, उन्हात आकसते आणि वरच्या डांबराला सपाट राहू देत नाही. दोन्हीकडे गाडी भरवशाची राहावी, हे काम पुढच्या सस्पेन्शनच्या भूमितीचं.

धक्के गिळणं स्प्रिंग आणि शॉकअपकडे असतं. चाक वरखाली होताना किती कलेल आणि कुठे वळेल, हे भूमिती ठरवते. लोअर आर्म आणि टाय रॉड आपापल्या आतल्या टोकाभोवती कंसात फिरतात. ते कंस जुळले नाहीत, तर खड्ड्यात गेलेलं चाक स्टेअरिंग न हलवताही वळतं. गावरस्त्यावर हे जाणवतही नाही. महामार्गावरच्या वेगात तेवढ्यानं गाडी रेघ सोडते. म्हणून टाय रॉडची जागा मिलिमीटरच्या हिशेबानं ठरते.

प्रीमियर पद्मिनीला पुढे डबल विशबोन होतं. त्या रचनेत वरचा आर्म आखूड ठेवला की चाक वर जाताना त्याचा माथा आत ओढला जातो आणि वळणावर टायर जमिनीला नीट टेकून राहतं. १९८३ च्या मारुती ८०० नं आणि पुण्यात घडलेल्या, १९९८ च्या टाटा इंडिकानं मॅकफर्सन स्ट्रट घेतला. त्यात वरचा आर्मच नाही. जागा आणि खर्च वाचतो, आडव्या इंजिनाची सोय होते. मात्र गाडी कलली की बाहेरचं चाकही बरंचसं तिच्यासोबत कलतं. त्याची भरपाई अँटी-रोल बार आणि कॅस्टरनं करावी लागते.

कॅस्टर म्हणजे चाक ज्या अक्षाभोवती वळतं, त्याचा मागे झुकलेला कोन. त्यामुळे वळणानंतर स्टेअरिंग आपसूक सरळ होतं. तो वाढवला की सरळ धाव स्थिर होते, पण स्टेअरिंग जड होतं. एक सुधारलं की दुसरं बिघडतं. आरेखनाचं खरं कसब हा तोल साधण्यात आहे.

हा तोल रबरी बुश आणि बॉल जॉइंटवर टिकतो. ते झिजले, तर अलाइनमेंटचे आकडे जुळवूनही गाडी एका बाजूला ओढते, टायर आतून खाल्लं जातं. म्हणून अलाइनमेंटआधी गाडी उचलून बुश तपासून घ्यावेत. महामार्गावरच्या वेगात चालकाला विचार करायला सवड नसते; हातांना सवय असते तसंच गाडीनं वागायला हवं.