बोटीच्या इंजिनाचा बदली एक्झॉस्ट : पारख कशी करावी

व्याख्यानमालेच्या चालकांनी मला माझ्या व्यवसायातील एखादा विषय मांडावयास सांगितले. सागरी इंजिनांच्या दुरुस्तीत माझी हयात गेली. साहित्य वा तत्त्वज्ञान यांवर बोलण्याचा अधिकार मला नाही. परंतु या शाळेतील पुष्कळ मुलांच्या घरचा चरितार्थ समुद्रावर चालतो. हे ध्यानी घेऊन बोटीच्या इंजिनाला बसवावयाच्या बदली एक्झॉस्ट भागांची पारख हा विषय मी निवडला आहे.

गोव्यात 1 जून ते 31 जुलै असे 61 दिवस यांत्रिक मासेमारी बंद असते. मालीम, कुटबण, वास्को, शापोरा येथील धक्क्यांवर याच काळात इंजिने उघडली जातात व झिजलेले भाग बदलले जातात. ऑगस्टमध्ये बोट खोल पाण्यात गेल्यावर तिच्यावरील माणसांची सुरक्षितता या दोन महिन्यांत घेतलेल्या निर्णयांवर अवलंबून राहते. एक्झॉस्ट फुटला तर दोन संकटे संभवतात. एक म्हणजे कार्बन मोनॉक्साइड हा रंगहीन, गंधहीन विषारी वायू माणसे झोपतात त्या खोलीत शिरतो. दुसरे, खारे पाणी सिलिंडरात उतरते. पाणी हवेसारखे दाबले जात नसल्यामुळे इंजिन चालू करताच कनेक्टिंग रॉड वाकतो.

काही बोटींत एक्झॉस्ट कोरडा असतो, काहींत ओला. ओल्या प्रकारात इंजिन थंड करून आलेले समुद्राचे पाणी एल्बोमध्ये धुरात मिसळतात. भाराखाली चालणाऱ्या डिझेल इंजिनाचा धूर 400 ते 500 अंश सेल्सिअस तापलेला असू शकतो. पाणी मिसळल्यावर तो इतका निवतो की पुढे रबरी होज चालते. म्हणजे वीतभर लांबीच्या त्या एल्बोत प्रखर उष्णता, सुमारे साडेतीन टक्के क्षार असलेले पाणी आणि इंधनातील गंधकापासून बनणारे आम्ल यांचा संगम होतो. एप्रिल 2020 पासून देशात वाहनांच्या डिझेलमधील गंधकाची मर्यादा दशलक्ष भागांत 10 भाग इतकी खाली आली आहे. त्यामुळे आम्लाचा जाच घटला. मिठाचा जाच मात्र होता तसाच आहे.

यास्तव पहिला प्रश्न धातूचा. स्टेनलेस स्टीलवर क्रोमियम ऑक्साइडचा अतिशय पातळ थर असतो व तोच धातूचे रक्षण करतो. मिठातील क्लोराइड हा थर जागोजागी भेदते आणि सुईने टोचावे तशी छिद्रे पडतात. 316 जातीच्या स्टीलमध्ये दोन ते तीन टक्के मॉलिब्डेनम असल्यामुळे ती या माऱ्याला अधिक काळ तोंड देते. भांड्यांसाठी वापरली जाणारी 304 लवकर हार खाते. दोन्ही जाती दिसावयास सारख्याच.

येथे लोहचुंबकाविषयी सांगणे अवश्य आहे. ‘चुंबक चिकटत नाही, म्हणजे माल अस्सल’ असे दुकानात ठामपणे सांगतात. चुंबक घट्ट चिकटला तर तो भाग मोटारींच्या सायलेन्सरला वापरतात तशा हलक्या स्टीलचा असण्याचा संभव आहे व तो नाकारावा, इतके खरे. पण 304 आणि 316 या दोहोंनाही चुंबक सहसा चिकटत नाही. माझ्या पाहण्यातील एका ट्रॉलरचा चकचकीत एल्बो चुंबकाच्या परीक्षेत उत्तीर्ण होऊनही नाताळापूर्वीच जोडाच्या रेषेवर पाझरू लागला होता. म्हणून मालाच्या परीक्षणाचा दाखला मागावा; संशय असल्यास मॉलिब्डेनम ओळखणाऱ्या रासायनिक थेंबांची परीक्षा करावी.

वेल्डिंगचा जोड बाहेरून पाहून भागत नाही. आत विजेरीचा उजेड टाकावा. जोडाच्या मुळाशी निळसर-काळा पट्टा राहिला असेल तर त्या ठिकाणचा रक्षक थर बिघडलेला आहे आणि गंज तेथूनच सुरू होईल. वेल्डिंगच्या भागासाठी कमी कार्बनची 316 एल ही जात घ्यावी. अधिक कार्बन असला तर तो उष्णतेने क्रोमियमला बांधून टाकतो.

बिडाचा भाग कमी प्रतीचा असतो असे नव्हे. जाड बीड गंजते, पण सावकाश. बाजारात मडके घेताना आपण ते वाजवून पाहतो, तसे बिडाच्या भागावर हलकेच ठोकावे. बद्द आवाज आला तर चीर असण्याची शंका घ्यावी. मात्र ओतताना आतला गाभा सरकून एक बाजू पातळ झाली असेल, तर ते आवाजावरून कळत नाही. त्यासाठी तोंडाशी चारही बाजूंची जाडी कॅलिपरने मोजावी आणि मूळ कंपनीच्या भागाशी वजन ताडून पाहावे. पितळ घेऊ नये. खारे पाणी त्यातील जस्त खाऊन टाकते व धातू पोकळ, ठिसूळ होतो.

दुसरा प्रश्न घडणीचा. फ्लँजवर सरळ पट्टी ठेवून फट दिसते का पाहावे. वाकडा फ्लँज कितीही चांगले गॅस्केट जाळतो. धुराची वाट मूळ भागापेक्षा अरुंद नसावी, अन्यथा उलट दाब वाढून इंजिन तापते. एल्बो बसविण्यापूर्वी त्यात नळाचे पाणी सोडावे. ते तोंडाशी सभोवार सारखे पडले पाहिजे. एकाच बाजूने पडत असेल तर कोरड्या बाजूची होज भाजून निघेल.

होज सागरी एक्झॉस्टसाठीच बनविलेली हवी. साधी पाण्याची होज चालणार नाही. प्रत्येक टोकाला दोन क्लिपा असाव्यात. येथे चुंबक खरोखर उपयोगी पडतो : क्लिपेचा पट्टा स्टेनलेस असला तरी तिचा स्क्रू पुष्कळदा जस्ताचा मुलामा दिलेल्या साध्या पोलादाचा असतो, आणि तोच आधी तुटतो.

उत्तम भागही निगेवाचून टिकत नाही. बंदीच्या काळात आत साचलेले खारे पाणी दोन महिने धातू खात राहते. म्हणून बोट बांधून ठेवण्यापूर्वी समुद्रपाण्याच्या मार्गातून गोडे पाणी फिरवून ते पूर्ण काढून टाकावे. आणि जुना एल्बो भंगारात देण्याआधी उभा कापून पाहावा. गंज कोठे सुरू झाला, भिंत कोणत्या बाजूने पातळ झाली, वाट कोठे तुंबली, हे त्यात स्पष्ट दिसते. नवा भाग घेताना नेमके तेच ठिकाण प्रथम तपासावे.