स्पार्क प्लगचे आटे गेले तरी जुने हेड वाचवणे शक्य

जुन्या स्कूटरच्या इंजिनाचे हेड सहसा ॲल्युमिनियमचे, तर स्पार्क प्लगचे आटे पोलादाचे असतात. प्लग तिरका बसवल्यास किंवा अवाजवी जोराने आवळल्यास हेडमधील मऊ आटे झिजतात. दाब गळतो आणि चालत्या इंजिनातून प्लग उडण्याचा धोका संभवतो. अशा वेळी हेड उतरवून झिजलेले भोक मोठे केले जाते, त्यात नवे आटे पाडले जातात आणि पोलादी तारेचे वेटोळे किंवा बुश बसवून प्लगचे मूळ १४ मिलिमीटरचे माप पुन्हा साधले जाते. हेड न उतरवल्यास धातूचा कीस सिलिंडरमध्ये पडून पिस्टनवर ओरखडे उमटू शकतात. दुरुस्तीनंतर प्लग इंजिन थंड असतानाच, आधी हाताने फिरवून बसवणे आवश्यक असते.