इंटरनेट रेडिओवरील आवाज : स्वच्छ किती, सच्चा किती?

पुसद येथे आमच्या परिचयाच्या एका घरी सत्तरी ओलांडलेल्या एक आजी राहतात. पुण्यात नोकरी करणाऱ्या नातवाने त्यांच्या मोबाइलवर इंटरनेट रेडिओ सुरू करून दिला आहे. सकाळी भक्तिगीते, दुपारी जुनी भावगीते आणि दोन गाण्यांच्या मध्ये एक गोड स्त्रीस्वर आजींना नावाने हाक मारून पुढील गाण्याची ओळख करून देतो. आम्ही भेटावयास गेलो असता आजी कौतुकाने म्हणाल्या, "पोरगी मोठी गुणाची आहे. रोज माझी विचारपूस करते. स्वतःचं नाव मात्र सांगत नाही."

त्या आवाजामागे पोरगी नाही, ते यंत्राने घडविलेले शब्द आहेत, ही गोष्ट आजींना कोणी सांगितलीच नव्हती. घरी परतताना आमच्या मनात दोन प्रश्न घोळत होते. इंटरनेट रेडिओचा आवाज कधी काचेसारखा स्वच्छ तर कधी पत्र्यासारखा का वाटतो? आणि त्यावर बोलणारे यंत्र माणसासारखे बोलते तरी कसे? हे दोन प्रश्न एकमेकांत गुंतलेले आहेत, म्हणून त्यांचा विचार येथे एकत्र करीत आहोत.

कालचा रेडिओ

विदर्भातील आपल्या वडीलधाऱ्यांचा रेडिओ म्हणजे प्रामुख्याने आकाशवाणीचे नागपूर केंद्र. हे केंद्र १९४८ मध्ये सुरू झाले. त्याच्या मध्यम लहरी दूरवर पोहोचत, परंतु आवाजाचा बराच भाग वाटेतच गळून पडे. मनुष्याच्या कानाला साधारणपणे २० पासून २०,००० हर्ट्झपर्यंतची कंपने ऐकू येतात. मध्यम लहरींवर त्यातील सुमारे ४,५०० हर्ट्झपर्यंतचाच भाग मिळतो, तर एफएमवर १५,००० हर्ट्झपर्यंतचा. म्हणूनच जुन्या संचावर 'स' आणि 'श' यांतील भेद पुसट होई व पावसाळी रात्री विजेच्या कडकडाटाबरोबर संचही खरखरे. तरीही त्या खरखरीतून बोलणारा निवेदक कोण, हे श्रोत्याला ठाऊक असे. त्याच्या नावे पत्र पाठविता येई, चूक झाल्यास कळविता येई आणि पुढील कार्यक्रमात तिची दुरुस्ती ऐकावयासही मिळे.

आवाज आक्रसतो कसा?

इंटरनेटवर ध्वनी लहरींच्या रूपाने येत नाही, तो आकड्यांच्या रूपाने येतो. कॉम्पॅक्ट डिस्कवर एका सेकंदाच्या ध्वनीची ४४,१०० वेळा नोंद घेतली जाते. दोन्ही कानांचा हिशेब धरला तर दर सेकंदाला सुमारे १,४११ किलोबिट माहिती लागते. एवढी माहिती अखंड पाठविणे खर्चिक असते. म्हणून ध्वनीचा संकोच करण्याच्या पद्धती निघाल्या. त्यांपैकी एमपी३ ही पद्धत प्रामुख्याने जर्मनीतील फ्राउनहोफर संस्थेच्या अभियंत्यांनी विकसित केली.

या पद्धतीमागील युक्ती साधी आहे. यात्रेतील ढोल वाजत असताना शेजाऱ्याची कुजबूज आपल्याला ऐकू येत नाही. त्याचप्रमाणे मोठ्या ध्वनीखाली झाकला जाणारा बारीक ध्वनी गाळून टाकला, तरी कानाला त्याची उणीव भासत नाही. येथे एक बोधप्रद गोष्ट नमूद करावीशी वाटते. ही पद्धत पारखून घेताना अभियंत्यांनी सुझान व्हेगा या अमेरिकन गायिकेचे वाद्यांविना गायलेले गीत वापरले. वाद्यांच्या गर्दीत लपणारे दोष एकट्या मानवी आवाजात लगेच उघडे पडत होते. आपला कान आयुष्यभर माणसांचे आवाज ऐकत घडलेला असतो, त्यामुळे त्याला तेथे फसविणे सर्वांत अवघड.

आज संगीतसेवा साधारणपणे २४ पासून ३२० किलोबिटपर्यंतचे पर्याय देतात. २४ किलोबिटवर तासभर ऐकले तर सुमारे ११ मेगाबाइट माहिती खर्च होते. ९६ वर ती सुमारे ४३, तर ३२० वर १४४ मेगाबाइट होते. गावाबाहेर संपर्क क्षीण झाला की पुष्कळशा सेवा न विचारता खालच्या पायरीवर उतरतात. तेथे प्रथम बळी जातो तो 'स', 'श', 'फ' यांसारख्या व्यंजनांचा व 'ख', 'भ' यांतील श्वासाचा. स्वर टिकतात, पण शब्द ज्यांच्यामुळे समजतात ती व्यंजने बोथट होतात. गाणे पाण्याखालून आल्यासारखे वाटले, तर दोष मोबाइलच्याच माथी मारण्याची घाई करू नये. सेवेच्या 'सेटिंग'मध्ये जाऊन ध्वनीची पातळी तपासावी.

एकट्याचा रेडिओ

पूर्वीचे केंद्र सर्वांना एकच कार्यक्रम ऐकवीत असे. व्यक्तिगत इंटरनेट रेडिओ प्रत्येकासाठी निराळा कार्यक्रम जुळवितो. अमेरिकेतील पँडोरा या सेवेने २००५ मध्ये असा रेडिओ श्रोत्यांसाठी खुला केला. तेथे संगीताचे जाणकार प्रत्येक गीताची लय, वाद्ये, गळ्याची जात अशा अनेक गुणांची नोंद करीत व श्रोत्याच्या आवडत्या गीताशी गुण जुळणारी दुसरी गीते लावली जात. दुसरी रीत अशी, की तुमच्यासारखी आवड असलेले इतर लोक काय ऐकतात हे पाहून तेच तुम्हालाही ऐकवावयाचे. आजच्या सेवा या दोन्ही रीतींचा मेळ घालतात.

परंतु लाखो श्रोत्यांना लाखो निरनिराळे कार्यक्रम द्यावयाचे तर तितके निवेदक आणावयाचे कोठून? येथेच यंत्राचा आवाज रेडिओत शिरला. स्पॉटिफाय या सेवेने फेब्रुवारी २०२३ मध्ये अमेरिका व कॅनडा येथे असा स्वयंचलित निवेदक आणला. त्याचा स्वर त्याच कंपनीतील एका व्यक्तीच्या आवाजावरून घडविलेला आहे आणि तो श्रोत्याच्या आवडीनुसार गाण्यांची ओळख करून देतो.

यंत्र बोलते कसे?

रेल्वे स्थानकावरील घोषणा आपण सर्वांनी ऐकल्या आहेत. गाडीचा क्रमांक, गावाचे नाव, फलाट असे एकदा ध्वनिमुद्रित केलेले तुकडे यंत्र जोडते. सांधे कानाला जाणवतात, परंतु प्रत्येक तुकडा एका खऱ्या माणसाने उच्चारलेला असतो. रेडिओवरील नव्या निवेदकाचे तसे नाही. २०१६ मध्ये डीपमाइंड या संस्थेने 'वेव्हनेट' नावाची पद्धत मांडली. तिच्यात यंत्र माणसांच्या बोलण्याचे असंख्य नमुने ऐकून शिकते आणि मग ध्वनिलहर स्वतःच घडविते, दर सेकंदाला १६,००० बिंदू, एकामागून एक. त्यामुळे जो शब्द कोणीही कधी उच्चारला नाही, तोही ओळखीच्या आवाजात ऐकू येऊ शकतो. जानेवारी २०२३ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी केवळ तीन सेकंदांच्या नमुन्यावरून एखाद्याचा आवाज उभा करणारी पद्धत जाहीर केली.

पूर्वी यंत्राचा आवाज नाकातून बोलल्यासारखा एकसुरी येत असे. तो दोष म्हणजे जणू इशाराच होता, कारण तो ऐकताच बोलणारे यंत्र आहे हे कळून येई. गुणवत्ता वाढली तसा हा इशारा नाहीसा झाला. शिवाय कमी किलोबिटवर खऱ्या माणसाचा स्वरही थोडा यंत्रासारखा होतो. म्हणजे खालच्या पातळीवर माणूस यंत्रासारखा आणि वरच्या पातळीवर यंत्र माणसासारखे! केवळ कानावर विसंबून निवाडा करण्याचे दिवस आता सरले आहेत.

मराठीची कसोटी

तरीही आपली मायबोली यंत्राची चांगली परीक्षा घेते. गावाचे नाव रोमन लिपीतून वाचणारे यंत्र 'यवतमाळ'चे 'यवतमाल' करते, कारण त्या लिपीत 'ळ' नाही. हिंदीच्या वळणाने शिकलेले यंत्र 'ज्ञान' हा शब्द 'ग्यान' असा उच्चारते. 'जग' म्हणजे विश्व आणि 'जग' म्हणजे जिवंत राहा, हे दोन्ही शब्द आपण एकसारखेच लिहितो, पण त्यांतील 'ज'चा उच्चार निराळा करतो. माणूस हे अर्थावरून ओळखतो, यंत्राला ते शिकवावे लागते. धर्मग्रंथातील 'मत्तय ५:३' हा संदर्भ दिसताच यंत्राने 'पाच वाजून तीन मिनिटे' असे वाचले, तर हसू आवरणार नाही.

परंतु प्रत्येक चूक हसण्यावारी नेण्याजोगी नसते. पुसद हा कापूस व सोयाबीन पिकविणारा तालुका. २०२४-२५ च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा किमान आधारभूत भाव क्विंटलला ७,५२१ रुपये होता. स्वल्पविरामापाशी अडखळून यंत्राने हा आकडा 'सात, पाचशे एकवीस' असा तोडला, तर ऐकणाऱ्याच्या पदरी काय पडेल? दूरदर्शनच्या किसान वाहिनीने २६ मे २०२४ रोजी 'कृष' आणि 'भूमी' हे दोन कृत्रिम निवेदक आणले. ते मराठीसह अनेक भाषांत शेती, हवामान व बाजारभाव यांची माहिती देऊ शकतात. त्यांची नावे व स्वरूप वाहिनीने उघड सांगितले, हे चांगलेच झाले. भारतीय भाषांसाठी असे आवाज घडविण्याचे काम मद्रासच्या आयआयटीच्या पुढाकाराने बराच काळ चालू आहे. दृष्टिहीनांना व वाचता न येणाऱ्यांना त्याचा मोठा आधार आहे. यंत्राच्या आवाजाला आमचा सरसकट विरोध नाही, हे येथे स्पष्ट करणे आवश्यक आहे.

चुकीला साक्षीदार हवा

आमची चिंता निराळी आहे. चौकातील रेडिओवर चुकीचा भाव सांगितला गेला, तर तो दहा जण एकदम ऐकत. त्यांतील एखादा तरी म्हणे, "हे काही खरे दिसत नाही." व्यक्तिगत रेडिओवरील वाक्य कदाचित जगात एकाच श्रोत्यासाठी तयार झालेले असते. ते चुकले तर दुसऱ्या कोणी ते ऐकलेलेच नसते. चूक घडते, कानात विरते आणि तिचा साक्षीदार एकटा तो श्रोता. तोही आमच्या आजींप्रमाणे भोळ्या विश्वासाने ऐकत असेल, तर ती चूक दाखवून देणारा कोणीच उरत नाही.

परदेशातील दोन घटना या दृष्टीने विचार करावयास लावणाऱ्या आहेत. ऑक्टोबर २०२४ मध्ये पोलंडमधील क्राकूव्ह येथील एका सार्वजनिक रेडिओ केंद्राने आपल्या एका वाहिनीवर कृत्रिम निवेदक बसविले. इतकेच नव्हे, तर २०१२ मध्ये निधन पावलेल्या नोबेल विजेत्या कवयित्री विस्लावा शिम्बोर्स्का यांची 'मुलाखत'ही प्रसारित केली. निवेदक कृत्रिम आहेत हे केंद्राने सांगितले होते. तरीही लोकांत तीव्र नाराजी उमटली आणि सुमारे आठवड्याभरात तो प्रयोग थांबवावा लागला. दुसरी घटना ऑस्ट्रेलियातील सिडनीची. तेथील एका केंद्रावर 'थाय' नावाची निवेदिका अनेक महिने रोज चार तास गाण्यांचा कार्यक्रम सादर करीत होती. ती यंत्रनिर्मित असल्याचे एप्रिल २०२५ मध्ये उघड झाले. श्रोत्यांना खटकली ती लपवाछपवी. ज्या स्वरावर आपण महिनोन्महिने विश्वास ठेवला तो यंत्राने घडविलेला होता, हे त्यांना दुसऱ्याकडून कळले.

आपल्या देशातही हा विचार सुरू झाला आहे. केंद्र सरकारच्या माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या नियमांच्या मसुद्यात कृत्रिमरीत्या घडविलेल्या सामग्रीवर स्पष्ट खूण असावी, ध्वनीच्या बाबतीत ती आरंभीच ऐकू यावी, असे सुचविले होते. पोप लिओ चौदावे यांनीही २०२६ च्या जागतिक संपर्कमाध्यम दिनासाठी मानवी आवाज आणि चेहरे जपण्याचाच विषय निवडला. आवाज ही माणसाची ओळख आहे आणि बोललेल्या शब्दाला कोणीतरी उत्तरदायी असावे, या भावनेतून हे सर्व घडत आहे.

आपण काय करावे?

प्रथम, घरातील वडीलधाऱ्यांना व मुलांना रेडिओ लावून देताना 'हा आवाज यंत्राचा आहे' असे स्पष्ट सांगावे. दुसरे, बाजारभाव, औषध, हवामान, पैशांचा व्यवहार यांविषयी अशा आवाजाने काही सांगितले, तर दुसऱ्या ठिकाणी पडताळून पाहिल्याशिवाय त्यावर पाऊल उचलू नये. नातेवाइकाच्या आवाजात पैसे मागणारा फोन आला, तर तो ठेवून आपल्याकडे असलेल्या क्रमांकावर स्वतः फोन करावा. तिसरे, बोललेले शब्द कळत नसतील तर ध्वनीची पातळी वाढवावी. विशेषतः वृद्धांच्या कानाला उच्च कंपने आधीच कमी ऐकू येतात, त्यात खालच्या पातळीची भर नको. चौथे, मराठीचा चुकीचा उच्चार ऐकला तर सेवा देणाऱ्यांना कळवावे. चूक एकट्याला ऐकू येते, म्हणून तक्रारही त्या एकट्यानेच करावी लागते.

पुढच्या खेपेस आम्ही आजींना सारा प्रकार समजावून सांगितला. त्या क्षणभर गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "गाणी असू देत. छान आहेत. पण चौकशी करायला त्यालाच फोन करायला सांगा." आता दर रविवारी सायंकाळी नातवाचा फोन येतो. संपर्क क्षीण असल्याने त्याचा आवाज तुटत येतो, मध्येच बुडतो, पुन्हा वर येतो. आजी मोबाइल कानाशी घट्ट धरून ऐकत राहतात.