रुळांच्या कडेने जाणारा उजेड

राउटरवर लाल दिवा लुकलुकायला लागला की आमच्या बिल्डिंगमध्ये जिन्यातून एकच प्रश्न फिरतो: ‘‘तुमचं चालू आहे का?’’ त्या दिवशी कुणाचंच चालू नव्हतं. दिवा स्टेशनच्या पूर्वेकडच्या आमच्या गल्लीत गटाराचं काम निघालं होतं आणि जेसीबीने मातीबरोबर काळी केबलही उचलली होती. संध्याकाळी केबलवाल्याचा पोरगा आला. त्याने एका उलट्या बादलीवर डब्याएवढं यंत्र ठेवलं आणि मला म्हणाला, ‘‘काका, जरा टॉर्च धरा ना.’’

त्याने केबलचं काळं साल सोललं. आतून निळे, नारिंगी, हिरवे, तपकिरी असे दोरे निघाले. एक दोरा चिमट्यात धरून त्याने वरचा रंगीत लेप खरवडला, स्पिरिटच्या कागदाने पुसला आणि मग बोटांत काही उरलंच नाही असं मला वाटलं. टॉर्च तिरपा केला तेव्हा काहीतरी चमकलं. ती काच होती. अशा आठ तारा शेजारी शेजारी ठेवल्या तर कशाबशा एक मिलिमीटर भरतील. आणि उजेड या एवढ्या काचेतूनही सगळीकडून जात नाही. मधोमध जो गाभा असतो त्यातून जातो, आणि तो गाभा मिलिमीटरच्या शंभराव्या भागाहूनही बारीक.

दोन्ही टोकं त्याने ‘टिक’ करून सरळ कापली आणि यंत्रात ठेवली. पडद्यावर ती झाडाच्या दोन खोडांसारखी दिसू लागली. खोडं आपोआप सरकली, समोरासमोर आली, मध्ये एक ठिणगी पडली आणि दोन काचा वितळून एक झाली. ‘‘जॉइंट बसला,’’ पोरगा म्हणाला आणि दुसरा दोरा उचलला. एवढं पाहूनही त्याच्या चेहऱ्यावरची रेषा हलली नाही. माझा टॉर्च मात्र हलत होता.

काचेच्या तारेतून उजेड गळून कसा जात नाही? विहिरीत सूर मारून डोळे उघडे ठेवणाऱ्यांनी हे पाहिलेलं असतं. पाण्याखालून सरळ वर बघितलं तर आभाळ दिसतं, पण नजर फार तिरपी गेली की पाण्याचा पृष्ठभाग आरशासारखा होतो आणि विहिरीचा तळच त्यात दिसायला लागतो. तिरपा उजेड पाण्यातून बाहेर पडू शकत नाही, परत आत वळतो. या तारेच्या, म्हणजे फायबरच्या, गाभ्याची काच भोवतीच्या काचेपेक्षा किंचित वेगळी केलेली असते. त्यामुळे आत शिरलेला उजेड कडेला पोचतो आणि पुन्हा आत वळतो, असा वळत वळत मैलोन् मैल जातो.

तत्त्व जुनं होतं, अडचण काचेची होती. खिडकीच्या तावदानाची कड पाहा, हिरवट दिसते. काचेतल्या लोहासारख्या अशुद्धीने उजेड खाल्ल्याची ती खूण. पंजाबातल्या मोग्याला जन्मलेल्या नरिंदर सिंग कपानींनी १९५४ साली भौतिकशास्त्रज्ञ हॉपकिन्स यांच्याबरोबर तंतूंच्या जुडग्यातून चित्र पलीकडे नेऊन दाखवलं, पण तो हातभर अंतराचा खेळ होता. १९६६मध्ये संशोधक चार्ल्स काव यांनी सांगितलं की दोष काचेचा नाही, काचेतल्या घाणीचा आहे. किलोमीटरभर अंतरावर शंभरातला एक हिस्सा उजेड पोचला तरी टेलिफोनचं काम भागेल. १९७०मध्ये अमेरिकेतल्या कॉर्निंग कंपनीने तशी काच ओढली. आजच्या काचेत उजेड निम्मा व्हायला सुमारे १५ किलोमीटर लागतात. म्हणजे दिव्यात लावलेला उजेड कल्याणच्या थोडं पुढे गेल्यावर अर्धा होईल. एवढ्या जाडीच्या खिडकीतून आपण पलीकडचं पाहतोय अशी कल्पना करून बघा.

भारतात टेलिफोन एक्स्चेंज जोडायला ही काच पहिल्यांदा वापरली गेली ती पुण्यात, १९७९ साली. पुणेकर याचा अभिमान बाळगत नाहीत, हे एक आश्चर्यच. आणि खेड्यात? नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या तीस महाकाय अँटेना आहेत, सुमारे २५ किलोमीटरच्या टापूत पसरलेल्या. दूरच्या दीर्घिकांतून आलेला रेडिओ संकेत प्रत्येक अँटेनापासून मध्यवर्ती इमारतीपर्यंत फायबरमधून येतो. जुन्नर तालुक्यातल्या द्राक्षबागांच्या आसपास दीर्घिकांसाठी काच अंथरली गेली होती, तेव्हा त्याच गावांत साध्या फोनचीही नवलाई होती.

आता पुन्हा दिव्याकडे. आमच्याकडे फाटक उघडायची वाट बघत उभं राहणं हा दिनक्रमाचा भाग आहे. त्या वेळात रुळांकडे बघत राहावं. १८५३मध्ये बोरीबंदरहून ठाण्यापर्यंत आलेली गाडी पुढच्याच वर्षी याच खाडीकाठच्या जमिनीवरून कल्याणला पोचली. गाडी सुखरूप सोडायची तर पुढच्या स्टेशनला आधी निरोप जायला हवा, म्हणून रुळांच्या सोबतीने तारेचे खांब आले. आज तेच काम काच करते. रुळांच्या कडेला कुठे कुठे केबलच्या खुणेचे दगड दिसतात, त्यांच्याकडे कोणी बघत नाही. केबल टाकणाऱ्याचं डोकं जमीन खणताना दुखतं त्याहून जास्त जमीनमालक गाठताना आणि परवानग्या मिळवताना दुखतं. रेल्वेकडे गावागावांतून सलग जाणारी, स्वतःची जमीन आयतीच होती. म्हणूनच २०००मध्ये रेलटेल ही कंपनी निघाली आणि आज तिचं जाळं ६० हजार किलोमीटरच्या वर आहे.

दिव्याहून सकाळी सावंतवाडीची गाडी सुटते. निम्मं दिवा तळकोकणातलं, त्यामुळे गणपतीच्या आधी त्या फलाटावर पाय ठेवायला जागा नसते. गाडी संध्याकाळी पोचते. तेवढंच अंतर काचेतला उजेड सेकंदाच्या साधारण चारशेव्या भागात कापतो. काचेत त्याचा वेग कमी होतो, सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर.

मग कणकवली तालुक्यातल्या माझ्या आत्याचं नेट का जातं? त्याच आठवड्यात तिचा फोन आला होता, साधा. ‘‘आज ग्रामपंचायतीत नेट नाय. दाखलो काय गावलो नाय. खंय तरी केबल तुटली हा.’’

तालुक्यापर्यंत काच बऱ्याच वर्षांपासून होती. गाव मात्र त्याच्या पलीकडे दहा-वीस किलोमीटरवर राहिलं होतं, आणि तिथे केबल न्यायला कुठल्याही कंपनीला परवडत नव्हतं. म्हणून ऑक्टोबर २०११मध्ये केंद्राने राष्ट्रीय ऑप्टिकल फायबर जाळं मंजूर केलं. त्याचंच पुढे भारतनेट झालं. पैसा आला तो टेलिफोन कंपन्यांच्या उत्पन्नातून कापून जमवलेल्या निधीतून, म्हणजे फिरून आपल्याच बिलातून. काम बीएसएनएल, रेलटेल आणि पॉवरग्रिड यांच्यात वाटलं गेलं. पॉवरग्रिडची तऱ्हा तर और. तिचं फायबर विजेच्या मनोऱ्यांच्या टोकावरून जातं, वीज अंगावर घेणाऱ्या अर्थच्या तारेच्या पोटातून. दोन वर्षांत अडीच लाख ग्रामपंचायती, असा बेत होता. पहिली एक लाख जोडून होईपर्यंत २०१७चा डिसेंबर उजाडला. महाराष्ट्रात दुसऱ्या टप्प्याचं काम राज्याने महानेट म्हणून हाती घेतलं. नळी दीड मीटरहून खोल पुरायची असा नियम, आणि कोकणात तर कितीतरी ठिकाणी हातभर खणलं की जांभा लागतो. दिल्लीतल्या तक्त्यात जांभा दिसत नाही.

गावात पोचणाऱ्या या काचेची एक करामत मला फार आवडते. तालुक्याहून एकच तंतू निघतो आणि वाटेत एका छोट्या काचेच्या तुकड्यात त्याचा उजेड सोळा-बत्तीस ठिकाणी वाटला जातो. त्या तुकड्याला वीज लागत नाही. आमच्या गल्लीतल्या खांबावरच्या डब्यातही तोच असतो. म्हणजे शेजाऱ्याच्या घरी जाणारा सगळा मजकूर माझ्याही घरी येतो, फक्त कुलूपबंद. दिव्याच्या फलाटावर घोषणा सगळ्यांना ऐकू येते, पण पनवेलची गाडी म्हटली की पनवेलवालेच उठतात. तसा माझा राउटर आपलंच तेवढं उचलतो. उलट दिशेने बोलायचं असेल तर प्रत्येकाची पाळी सेकंदाच्या बारीक बारीक तुकड्यांत ठरलेली. फलाटावर एवढी शिस्त मी कधी पाहिलेली नाही.

पण गावाकडे जाणारी ही वाट झाडाच्या फांदीसारखी होती. बुंध्याजवळ कुठेही कापली की पुढची सगळी पानं सुकतात. आत्याच्या दाखल्याचं तेच झालं. ऑगस्ट २०२३मध्ये १ लाख ३९ हजार ५७९ कोटींची जी सुधारित योजना मंजूर झाली, तिच्यात म्हणूनच गावं फांदीवर न ठेवता कड्यात ओवायची असं ठरलं. डावीकडून तुटलं तर उजेडाने उजवीकडून यावं. बारा वर्षांनी सुचलेलं शहाणपण, पण मुंबईला येणाऱ्या समुद्राखालच्या केबलींना जशी दुसरी वाट लागते तशी गावालाही लागते हे कागदावर मान्य झालं. तुटलं कुठे हे शोधणं त्या मानाने सोपं असतं. एक यंत्र काचेत उजेडाचा ठिपका सोडतं, तुटलेल्या टोकावरून तो परततो, आणि परतायला लागलेल्या वेळेवरून मीटरमध्ये अंतर कळतं. विहिरीत खडा टाकून खोली मोजावी तसं. मग माणूस कुदळ घेऊन तिथेच जातो.

चौथ्या दिवशी आत्याचा व्हिडिओ कॉल आला. आधी बराच वेळ नुसतं कपाळ दिसलं, मग माजघरातला पंखा, मग ती.

‘‘रस्त्याच्या जेसीबीन तोडल्यान,’’ ती म्हणाली. ‘‘तुमचा खंय तुटलला?’’

‘‘गल्लीच्या तोंडाक. गटाराच्या जेसीबीन.’’