डब्यासोबत कादंबरी

दुपारच्या सुट्टीत आपापली शिदोरी घेऊन ग्रंथालयाच्या एखाद्या खोलीत जमावे, आणि ज्या कादंबरीच्या प्रती त्याच ग्रंथालयाने काही आठवडे आधी सर्वांच्या हवाली केल्या होत्या तिच्याविषयी, घास घेता घेता, तासभर मनमोकळे बोलावे, हा शिरस्ता अमेरिकेतील सार्वजनिक ग्रंथालयांत चांगलाच रुळला आहे. कित्येक ठिकाणी एकाच पुस्तकाच्या अनेक प्रती व चर्चेच्या प्रश्नांची यादी पिशवीत घालून ती पिशवीच वाचकमंडळांना मुदतीने दिली जाते.

एखाद्या मंडळापुरते न थांबता साऱ्या शहराने मिळून एकच पुस्तक वाचावे ही कल्पना १९९८ साली सिअ‍ॅटलच्या ग्रंथपाल नॅन्सी पर्ल यांनी अमलात आणली, आणि त्यासाठी रसेल बँक्स यांची ‘द स्वीट हिअरआफ्टर’ ही १९९१ सालची कादंबरी निवडली. न्यूयॉर्क राज्यातील एका लहानशा गावात शाळेच्या बसला अपघात होऊन मुले दगावतात. ती हकीकत बस चालविणारी बाई, जुळी मुले गमावलेला बाप, भरपाईचे दावे गोळा करणारा वकील आणि जीव वाचूनही पंगू झालेली मुलगी अशी चौघे आपापल्या तोंडाने सांगतात.

निवड मोठी मार्मिक होती. ती मुलगी जबानीत बस भरधाव होती असे खोटेच सांगते आणि त्या एका वाक्याने सगळे दावे कोसळतात. तिने असे का केले? तिच्यावर अत्याचार करणाऱ्या बापाचा सूड तिने घेतला, असे चर्चेत एकाला वाटेल; कज्जेदलालीत बुडू पाहणारे गाव तिने वाचविले, असे दुसरी म्हणेल; तर तिसरा, तोवर गप्प राहून जेवत असलेला, विचारील की ज्या निरपराध बाईवर ठपका आला तिचे काय? मग तिघांनाही पाने उलटून मूळ मजकूर काढावा लागतो. ‘कादंबरी आवडली का?’ एवढेच विचारले असते तर होय-नाही करण्यातच तास सरला असता. म्हणून चर्चेचा जाणता सूत्रधार ‘तिने असे का केले?’ यासारखा नेमका प्रश्न टाकतो आणि स्वतः सर्वांत कमी बोलतो.

जेवणाचाही यात मोठा वाटा आहे. नोकरदाराला सुट्टीची मर्यादा असते, म्हणून चर्चा लांबत नाही. आणि समोर ताट असले की बुजऱ्या माणसालाही नुसते ऐकत बसण्याची मुभा मिळते, व दोन घासांनंतर त्याला आपोआप कंठ फुटतो.

आपल्याकडे व्याख्यानमालांची परंपरा थोर आहे, आणि महाराष्ट्राच्या १९६७ च्या ग्रंथालय कायद्याने गावोगावच्या ग्रंथालयांना शासनमान्यता व अनुदानाचा आधारही दिला. परंतु व्याख्यानात एक बोलतो व शेकडो ऐकतात, आणि वाचकाला स्वतःचे मत बोलून पारखण्याची जागा मात्र क्वचितच लाभते, ही उणीव मला फार खटकते. अशा चर्चेसाठी उदाहरणच घ्यायचे तर, धरणाने उठविलेल्या माणसांची कहाणी सांगणारी कृष्णात खोत यांची ‘रिंगाण’ ही कादंबरी साहित्य अकादमीने २०२३ साली गौरविली. जेथे धरणग्रस्तांच्या वसाहती आहेत त्या तालुक्यांत तिच्यावर बोलण्यासारखे किती निघेल! तेव्हा वाचकहो, आपल्या ग्रंथपालांना भेटा, एका कादंबरीच्या पाच-सहा प्रती मागवून घ्या, आणि येत्या महिन्यातील एखाद्या शनिवारी दुपारी डबा घेऊन वाचनालयात जमा.